दूध येण्याची अंदाजे वेळ

दूध गुरुवारी सकाळी सहा ते आठच्या दरम्यान येईल, अशी सूचना त्याने स्वतःच्या दारावर चिकटवली आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

दूध म्हणजे बायकोच्या अंगावरचं. सोमवारी सकाळी मुलगी झाली, तीन किलो शंभर ग्रॅम, रंगाने लालबुंद आणि आवाजाने खणखणीत. मंगळवारी दुपारी तिघं घरी आली. बायकोला पान्हा कधी फुटणार याची वेळ दारावर जाहीर करणारा माणूस वेडाच असला पाहिजे, असं तुम्हाला वाटेल. तो वेडा नव्हता. तो पाणीपुरवठा कार्यालयात होता.

तिथे त्याच्याकडे वेळापत्रकाचं टेबल होतं. कुठल्या भागात पाणी किती वाजता येईल, किती वाजता जाईल, आणि आलं नाही तर ते कधी यायला हवं होतं, हे सगळं लिहून जाहीर करायचं, हे त्याचं काम. इमारतीतले लोक त्याला टाकीसाहेब म्हणत. त्यातलं 'साहेब' तेवढं तो मनावर घेई आणि बाकीचं सोडून देई. बारा वर्षांच्या नोकरीत त्याच्या निम्म्याहून अधिक सूचना चुकल्या होत्या, पण एकही खोटी नव्हती. चुकीची सूचना आणि खोटी सूचना यांतला फरक तो कुणालाही समजावून द्यायला तयार असे. ऐकून घ्यायला मात्र कुणी तयार नसे, विशेषतः ज्यांच्या डोक्याला साबण लागलेला असे ते.

बायकोने दवाखान्यातून निघताना त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "मला चार दिवस माणसं नकोत," ती म्हणाली. "मी, ही आणि शांतता. तेवढं तू बघ." त्याने मान डोलावली. बायकोने काही मागावं आणि ते आपल्या अधिकारात असावं, असा योग त्याच्या संसारात फारसा येत नसे.

घरी पोचून बुटांच्या नाड्याही सुटल्या नव्हत्या, तर बेल वाजली. समोरच्या काकू. काकूंनी तीन मुलं वाढवली होती आणि त्यांतला एक जण आता विमान दुरुस्त करत होता, त्यामुळे मुलांच्या बाबतीत त्यांचा शब्द इमारतीत शेवटचा मानला जाई. काकूंनी मुलीकडे एक नजर टाकली, बायकोकडे दुसरी टाकली आणि विचारलं, "आलं का दूध?"

"अजून नाही," तो म्हणाला.

"अजून नाही?" काकू म्हणाल्या. त्या दोन शब्दांत त्यांनी एवढी काळजी भरली की त्यालाही आत जाऊन एकदा बघून यावंसं वाटलं.

संध्याकाळपर्यंत बेल सतरा वेळा वाजली. त्याने मोजलं, मोजणं हा त्याचा स्वभावच होता. सतराच्या सतरा जणांनी आधी तोच प्रश्न विचारला आणि मग बहुतेकांनी उपाय सांगितला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी ओट्सची पेज सांगितली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी, ज्यांचा या विषयाशी कुठल्याही बाजूने संबंध नव्हता, पलंग खिडकीकडे सरकवायला सांगितला. काकू परत आल्या त्या कोबीचा एक गड्डा घेऊन. "हा आत्ता नाही," त्यांनी बजावलं. "दूध आलं की छाती दगडासारखी होते. तेव्हा याची गार पानं ठेवायची. मग माझी आठवण काढाल." तळमजल्यावर लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे एक गृहस्थ राहत. ते म्हणाले की आपल्याला यातलं काही कळत नाही, पण वाजवायची वेळ आली तर निरोप द्या. सतरा जणांत तेवढाच एक समंजस माणूस होता.

आतल्या खोलीत बायको मुलीला घेऊन बसली होती आणि प्रत्येक बेलला दचकत होती. सासूबाई दोन दिवसांपासून मुक्कामाला होत्या. त्या दारातून डोकावत आणि कुजबुजत, "आलं का गं?" ही कुजबूज तिन्ही खोल्यांत ऐकू जाई.

बुधवारी सकाळी नर्स आली. आरोग्य केंद्राची ही नर्स पहिल्या आठवड्यात रोज येणार होती. तिच्या पिशवीत एक वजनकाटा होता आणि बोलण्यात फापटपसारा नव्हता. तिने मुलीला उघडं करून काट्यात ठेवलं. दोन किलो आठशे सत्तर.

"घटलं!" तो जवळजवळ ओरडलाच.

"पहिले काही दिवस घटतंच," नर्स म्हणाली. "आत्ता येतोय तो चीक. थेंब-थेंब असतो, पण तिचं पोट तरी केवढं? बोराएवढं. भरपूर दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं. पहिलटकरणीला कधी पाचवाही उजाडतो. ती मागेल तेव्हा घ्यायचं. दिवसातून आठ वेळा, दहा वेळा, बारा वेळा. घड्याळ बघायचं नाही, लेकरू बघायचं. आणि ओले लंगोट मोजायचे." मग तिने पिशवी उचलली आणि जाता जाता सांगितलं, "दोन किलो आठशेच्या खाली गेली तर मात्र मी दवाखान्यात पाठवेन. तिथे बाटली सुरू करतील. बाटली म्हणजे काही पाप नाही."

"माहीत आहे," बायको म्हणाली. "पण मला पाजायचंय. निदान नीट प्रयत्न करून बघायचाय."

"मग करा ना. वेळ आहे," नर्स म्हणाली.

एवढ्या सगळ्या बोलण्यातून त्याच्या कानांत दोनच गोष्टी राहिल्या. एक, आठशे. दुसरी, तिसरा-चौथा दिवस. सोमवारपासून तिसरा दिवस गुरुवार. आणि पाणीपुरवठ्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही की सगळ्या चांगल्या गोष्टी सकाळी सहा ते आठ या वेळात येतात.

नर्स जिन्यात असतानाच बेल वाजली. "आलं का?" दहा मिनिटांनी परत वाजली. तेव्हा त्याने तेच केलं जे त्याच्या कार्यालयात फोन फार वाजू लागले की करतात. कागद घेतला, पट्टीने चौकट आखली आणि लिहिलं: 'सूचना. या घरातील बाळंतिणीचे दूध अद्याप आलेले नाही. ते गुरुवारी सकाळी ६ ते ८ या वेळेत येण्याची शक्यता आहे. तोपर्यंत कृपया चौकशी करू नये. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' खाली सही केली. हे लिहिताना त्याचा हात एकदाही अडखळला नाही. सवयीचा माणूस सवयीनेच खड्ड्यात जातो, त्याला ढकलावं लागत नाही.

सूचना लागली आणि बेल थांबली. बारा वर्षांत त्याची एखादी सूचना इतकी यशस्वी झाली नव्हती. त्या आनंदात त्याने दुसरी चूक केली.

ही चूक शास्त्रीय होती. त्याने बायकोच्या उशाशी बसून तिला नीट समजावलं. "हे बघ, टाकीत पाणी कमी असताना लोकांनी नळ सोडून ठेवले तर टाकी कधीच भरत नाही. आपण काय करतो? व्हॉल्व्ह बंद. चार-पाच तास साठू द्यायचं. मग सोडलं की दाबाने येतं. ही मिनिटामिनिटाला थेंब थेंब ओढतेय, मग साठणार कुठून?"

बायको भूगोलाची शिक्षिका होती. एरवी तिने या सिद्धान्ताची शाळेतल्या फळ्यावर चिरफाड केली असती. पण दोन दिवस तिने सलग तासभरसुद्धा झोप घेतली नव्हती. डोळे सुजले होते, पाठ दुखत होती आणि सतरा माणसांनी सतरा वेळा विचारल्यामुळे आपल्यातच काहीतरी कमी आहे असं तिला वाटू लागलं होतं. "तू म्हणतोस तर बघू," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मुलीला सासूबाईंनी खांद्यावर घेतलं आणि चार तास फिरवलं. मुलगी आधी ओरडली, मग थकून झोपली. टाकी भरते आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि तो कार्यालयात गेला.

कार्यालयात रजा वाढवून घ्यायची होती. त्याला तीन दिवसांची मिळाली होती; आणखी दोन हवे होते. अर्जात त्याने कारण लिहिलं, 'पत्नीस दूध न आल्यामुळे.' हेडक्लार्कने तो अर्ज चष्म्यातून वाचला, चष्म्यावरून वाचला आणि चष्मा काढून वाचला. हा माणूस अविवाहित होता आणि त्याचं सगळं प्रेम फायलींवर होतं.

"कधी येणार?" हेडक्लार्कने विचारलं.

"गुरुवारी सकाळी सहा ते आठ."

"मग शुक्रवारची रजा कशाला?"

"म्हणजे, तसं नक्की नाही."

"नक्की नाही तर जाहीर कसं केलंत?" हेडक्लार्कला सूचनेची बातमी आधीच लागली होती. "असं करा, दूध आलेलं नाही असं वैद्यकीय प्रमाणपत्र आणा."

तो तिथून आरोग्य केंद्रात गेला. खिडकीतल्या कारकुनाने सगळे फॉर्म खाली-वर करून पाहिले. जन्माचा दाखला होता, मृत्यूचा होता, कुत्रा चावल्याचा होता, कुत्रा चावला नसल्याचाही होता. दूध न आल्याचा नव्हता. "आल्यावर या," कारकून म्हणाला. "आल्याचा देता येतो का बघू." तो परत कार्यालयात गेला. हेडक्लार्कने बराच विचार केला आणि म्हणाला, "मग स्थळपाहणी करावी लागेल. मी स्वतः येतो. उद्या पाच वाजता." हा आपला सन्मान आहे की अपमान, हे त्याला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

गुरुवारी सकाळी पावणेसहाला त्याने दार उघडलं तर जिन्यात माणसं.

काकू होत्या, सेक्रेटरी होते, दुसऱ्या मजल्यावरच्या बाई पेजेचं भांडं धरून होत्या. पायरीवर वर्तमानपत्र अंथरून आजोबा मंडळी बसली होती. ट्रम्पेटवाले कठड्याला टेकून उभे होते, ट्रम्पेट काखेत. त्याला लोकांची अशी रांग ओळखीची होती. यांच्या हातात बादल्या नव्हत्या एवढाच फरक.

"तुम्ही सगळे इथे कशाला?" त्याने विचारलं.

"सहा ते आठ म्हणालात ना," काकू म्हणाल्या.

सव्वासहाला एकाने विचारलं, "सुरू झालं?" सातला दुसऱ्याने विचारलं, "कमी दाबाने तरी?" साडेसातला आजोबांपैकी एक जण म्हणाले की हे लोक नेहमी असंच करतात, सहा सांगतात आणि स्वतः झोपलेले असतात. आठ वाजले. सगळ्यांनी आपापली घड्याळं पाहिली आणि मग त्याच्याकडे पाहिलं. ती नजर त्याने आजवर फक्त फोनवरून ऐकली होती. समोरासमोर पहिल्यांदाच भेटत होती. "तांत्रिक अडचण आहे," तो सवयीने म्हणून गेला आणि दार लावून घेतलं. आतून बायकोने हे सगळं ऐकलं होतं.

नऊ वाजता नर्स त्या गर्दीतून वाट काढत वर आली. दारावरची सूचना तिने पूर्ण वाचली. मग वजन केलं. दोन किलो आठशे वीस.

"किती वेळा घेतलं काल?" तिने विचारलं.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्याने टाकीचा सिद्धान्त सांगितला. थोडक्यातच सांगितला, कारण सांगता सांगता नर्सचा चेहरा बदलत होता.

"तुमच्या टाकीचं मला माहीत नाही," नर्स म्हणाली. "पण इथे सगळं उलटं असतं. ती जितकं ओढेल तितकं बनतं. नळ बंद ठेवलात तर वरचे समजतात की खाली कुणाला नको आहे. तुम्ही चार तास व्हॉल्व्ह बंद ठेवलात म्हणजे चार तास मागणीच पोचवली नाहीत."

नळ सोडल्याने भरणारी टाकी! बारा वर्षांच्या नोकरीत आणि त्याआधीच्या पदविकेत अशा टाकीचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता. हे आपल्या खात्याला कळलं तर काय होईल, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला. मग त्याचं लक्ष बायकोच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"वीस ग्रॅम राहिलेत," बायको म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"वीस ग्रॅम पुष्कळ असतात," नर्स म्हणाली. "उद्या नऊला येते. आज हिला अंगाला लावूनच ठेवा. उघडी, कातडीला कातडी. आणि ही बाहेरची जत्रा आधी घालवा. आईला धास्ती वाटली की असलेलं दूधही उतरत नाही."

जत्रा घालवायला तो जिन्यात गेला. तिथे सेक्रेटरी त्याचीच वाट पाहत होते. सोसायटीचा शिक्का नसलेली सूचना दर्शनी भागावर लावणं नियमबाह्य होतं. शिवाय ती सूचना पाळली गेली नव्हती. तेव्हा तातडीची सभा. आज पाच वाजता. आणि सभेचा विषय याच घराशी निगडित असल्याने, स्थळ याच घराची बैठकीची खोली. तो नाही म्हणणारच होता, पण सेक्रेटरींनी नियमाचा क्रमांक सांगितला, आणि नियमाच्या क्रमांकाला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

पाच वाजता अकरा माणसं आली. घरात खुर्च्या सहा होत्या, म्हणून उरलेल्यांनी आपापल्या आणल्या. बरोबर पाच वाजून एक मिनिटाने हेडक्लार्क आला, काखेत फाइल घेऊन. 'स्थळपाहणी' म्हणजे नेमकं काय पाहायचं, हे त्यालाही दारात आल्यावर उमगलं असावं. तो एकदम कानापर्यंत लाल झाला आणि कोपऱ्यातल्या वेताच्या मोड्यावर भिंतीकडे तोंड करून बसला.

सभेची सुरुवात चांगली झाली. सूचनेचा निषेध एकमताने संमत झाला. त्यानेही हात वर केला, कारण निषेधाची भाषा शुद्ध होती. मग विषय क्रमांक दोन: दूध नेमकं कितव्या दिवशी येतं?

"तिसऱ्या," काकू म्हणाल्या. "माझ्या तिन्ही वेळेला तिसऱ्या. एकदा तर बसमध्ये."

"माझ्या बहिणीला पाचव्या," दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या.

"तुमच्या बहिणीचं सगळंच उशिरा असतं."

"तिसऱ्या म्हणजे बाळंतपणाचा दिवस धरून की सोडून?" हेडक्लार्कने भिंतीकडे बघत विचारलं. हा प्रश्न इतका मुद्देसूद होता की सगळे एकदम बोलू लागले. ट्रम्पेटवाल्यांनी दोनदा उठायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा त्यांना कुणीतरी खाली बसवलं. सासूबाई यजमानपणाच्या नात्याने पाणी द्यायला आल्या होत्या; त्याही चौथ्या दिवसाच्या बाजूने बोलायला उभ्या राहिल्या. शेवटी सेक्रेटरींनी टेबलावर पेन आपटलं आणि मतदान घेतलं. तिसऱ्या दिवसाला सात, इतर दिवसांना मिळून चार. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: "आज तिसरा दिवस असल्याने, दूध आले आहे असे सभा बहुमताने ठरवीत आहे."

टाळ्या वाजल्या.

"मग प्रश्नच मिटला," हेडक्लार्क भिंतीला म्हणाला आणि फाइल उघडली. "दूध आलेलं असल्याने उद्याची रजा नामंजूर."

त्याच वेळी आतून मुलगी रडू लागली. ते नेहमीचं खणखणीत रडणं नव्हतं. चिरकं होतं, मध्येच तुटणारं. तो आत गेला. बायको पलंगावर बसली होती, मुलगी छातीशी तोंड नेत होती, एक-दोनदा ओढत होती, बाहेर टाळ्या वाजल्या की दचकून सोडत होती आणि पुन्हा रडत होती. बायकोही रडत होती. आवाज न करता, नुसतं पाणी गालांवरून वाहत होतं.

"तुझ्याकडे मी एकच गोष्ट मागितली होती," ती म्हणाली.

त्याने मुलीच्या इवल्याशा पाठीवर बोट ठेवलं, मग बाहेर आला. सभेत आता विषय क्रमांक तीन निघाला होता: आलेलं दूध दिसत का नाही.

तो दारात उभा राहिला. त्याने सदऱ्याची वरची गुंडी लावली, घसा साफ केला आणि बारा वर्षं कागदावर लिहिलेलं पहिल्यांदा तोंडाने बोलला.

"सूचना. मुख्य जलवाहिनीच्या तातडीच्या दुरुस्तीमुळे या इमारतीचा पाणीपुरवठा आज सायंकाळी सहा वाजल्यापासून उद्या सायंकाळी सहापर्यंत पूर्ण बंद राहील. नागरिकांनी पाण्याचा साठा करून ठेवावा."

मग काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच पन्नास. "अगं बाई!" त्या म्हणाल्या आणि जिन्याच्या दिशेने अशा निघाल्या की वाटेत आजोबांची काठी गेली, मागोमाग आजोबाही गेले. आपली खुर्ची कुठली आणि परक्याची कुठली हे कुणी पाहिलं नाही. सेक्रेटरी इतिवृत्त विसरले. एका मिनिटात खोली रिकामी झाली आणि सगळ्या इमारतीतून बादल्यांचा खणखणाट ऐकू येऊ लागला.

हेडक्लार्क तेवढा राहिला. तो हळूच भिंतीपासून वळला. "अशी फाइल माझ्याकडून गेलेली नाही," तो म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुमच्याही भागात आहे," तो हेडक्लार्कला म्हणाला.

हेडक्लार्कने मनाशी काहीतरी ताडून पाहिलं. फाइल न हलता पाणी जाऊ शकतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याने मोडा सरळ केला, फाइल काखेत घातली आणि जवळजवळ धावतच जिना उतरला.

घरात बारा वर्षांतली पहिली खोटी सूचना आणि शांतता, अशा दोनच गोष्टी उरल्या. सासूबाई मोरीत पिंप भरत होत्या. त्यांना खरं सांगावं असं त्याला वाटलं, पण घरात भांडी पुष्कळ होती आणि त्या सगळी भरायच्या विचारात होत्या, तेव्हा त्याने ते पुढे ढकललं. त्याने बेलची वायर काढली. बैठकीतलं घड्याळ खिळ्यावरून उतरवलं आणि कपाटात पालथं ठेवलं. मग आत जाऊन खिडकीचा पडदा ओढला आणि बायकोच्या पाठीमागे दोन उशा लावल्या.

"गेले?" बायकोने विचारलं.

"गेले. कुणी येणार नाही."

"काय सांगितलंस त्यांना?"

त्याने सांगितलं. "तू खोटी सूचना दिलीस?" ती म्हणाली. तिला त्याचा तो फरक पाठ होता. लग्नानंतरचा पहिला महिना तिने तेच ऐकलं होतं. मग ती हसायला लागली. हसता हसता टाके ओढले म्हणून कण्हली आणि पुन्हा हसली. तिच्या उघड्या छातीवर उघडी मुलगी पडली होती. आईचं अंग हलतंय म्हणून तिने एक डोळा उघडला, तोंड वासलं आणि या वेळी नीट धरलं.

त्या संध्याकाळी तो खुर्चीत बसून राहिला. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून लंगोट मोजत होता. कागदाचे दोन रकाने: आत काय गेलं, बाहेर काय आलं. आतला रकाना कुणालाच भरता येत नव्हता. बाहेरचा मात्र भरता येत होता, आणि मापण्याची ही पद्धत त्याला पटली; शहराचं पाणीही शेवटी गटारावरूनच कळतं. तीन रेघा झाल्या. मुलगी मागत होती, बायको देत होती. कुणीही घड्याळ पाहिलं नाही, कारण ते कपाटात होतं. केव्हातरी त्याची मान छातीवर पडली.

तो जागा झाला तेव्हा पडद्यातून उजेड आला होता आणि बायको त्याला पायाने ढोसत होती. "अरे, टॉवेल दे! लवकर दे!"

तिचा गाऊन दोन्ही बाजूंनी भिजला होता, उशी भिजली होती, चादर भिजली होती. मुलीची हनुवटी, मान आणि एक कानसुद्धा दुधाने माखला होता. ती घटाघट गिळत होती, मध्येच श्वास घ्यायला थांबत होती आणि पुन्हा तुटून पडत होती. गिळण्याचा आवाज त्याला खुर्चीतून ऐकू येत होता. बायकोचा चेहरा थकलेला, विस्कटलेला आणि इतका आनंदी होता की त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने टॉवेलने पुसलं आणि मग तोच टॉवेल तिला दिला.

"कधी आलं?" त्याने विचारलं.

"तू घोरत होतास तेव्हा," ती म्हणाली. "आणि त्या काकूंचा कोबी आण."

नऊला नर्स आली. दोन किलो आठशे पंच्याऐंशी. नर्सने आकडा दोनदा पाहिला, मान हलवली आणि त्याचा रेघांचा कागद मागून घेतला. "हे मात्र चांगलं ठेवलंय," ती म्हणाली. खात्याच्या कुठल्याही वरिष्ठाने आजवर त्याच्या कागदाला असं म्हटलं नव्हतं.

खाली इमारतीत वातावरण तापलं होतं. घराघरांत पिंपं, पातेली, तसराळी काठोकाठ भरलेली आणि पाणी काही केल्या जात नव्हतं. काकूंनी मोरीत पाय टाकायलाही जागा ठेवली नव्हती. दहा वाजता सेक्रेटरी वर आले आणि त्यांनी लेखी तक्रार दिली. पाणी न गेल्याबद्दलची ती खात्याच्या इतिहासातली पहिलीच तक्रार असावी. त्याने ती घेतली आणि पोच दिली. "दूध आलं," तो म्हणाला. सेक्रेटरींचा चेहरा क्षणभर मऊ झाला. मग ते म्हणाले, "ते कालच आलंय. इतिवृत्तात आहे."

अकरा वाजता हेडक्लार्कने माणसाबरोबर एक फॉर्म पाठवला. काल त्याच्याही घरचं पाणी गेलं नव्हतं, पण त्याबद्दल फॉर्ममध्ये अवाक्षर नव्हतं. रजा विशेष बाब म्हणून मंजूर होती, फक्त तीन रकाने भरायचे होते. दूध आल्याचा दिनांक. आल्याची वेळ. यापुढील वेळापत्रक.

दिनांक त्याने भरला. वेळेपाशी पेन थांबलं. त्या एका वेळेसाठी तीन दिवस तो इतका धडपडला आणि ती वेळ आली तेव्हा तो झोपलेला होता. त्याने तिथे एक आडवी रेघ मारली. नोकरीत पहिल्यांदाच.

"यापुढील वेळापत्रक काय लिहू?" त्याने आतल्या खोलीकडे बघत विचारलं.

"लिही," बायको आतून म्हणाली. "ती मागेल तेव्हा."

त्याने ते लिहिलं. मग नवा कागद घेतला, पट्टीने चौकट आखली आणि दारावरची जुनी सूचना काढून तिथे नवी लावली: 'दूध आले आहे. यापुढील वेळ: ती मागेल तेव्हा.' या वेळी दिलगिरी लिहिली नाही.

संध्याकाळी कोबीचा दुसरा गड्डा आणायला तो खाली निघाला, तेव्हा त्या सूचनेखाली कुणीतरी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'साहेब, पाण्याचंही असंच करता येईल का?'